मोत माउलीचा हात

खारदांड्याच्या मासळी बाजारात सकाळचे सात वाजलेत आणि बर्फ फोडणं चालू आहे. गोणपाटात गुंडाळलेली लादी दांडक्याने ठोकली जातेय, चुरा पाट्यांत पसरला जातोय, त्यावर मांदेली, बोंबील, कोळंबी. श्रावण संपला की दांड्यात पुन्हा जीव येतो. पावसाळी बंदी उठलेली असते, नारळी पुनवेला दर्याला नारळ दिलेला असतो आणि होड्या रोजच्या रोज आत जाऊ लागतात. धंद्याचे दिवस आहेत, तरी मावशी आज पाटीवर बसलेल्या नाहीत. त्यांच्या जागी जाऊबाई बसल्या आहेत आणि मावशी हिरवं लुगडं नेसून, अंबाड्यावर अबोलीची वेणी माळून रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत उभ्या आहेत. उजवा गुडघा दुखतो म्हणून एक हात नातीच्या खांद्यावर आहे.

"चला लवकर. मराठी मिस्सा चुकेल," त्या मला म्हणतात.

आज वांद्र्याच्या डोंगरावर मोत माउलीची जत्रा आहे. आठ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. मावशींचं घर हिंदू कोळ्यांचं. देव्हाऱ्यात कार्ल्याची एकवीरा आहे, खंडोबा आहे आणि त्यांच्या शेजारी चौकटीत मोत माउली. याबद्दल त्यांना कुणाला काही समजावून सांगावंसं वाटत नाही. सासूने आणलं, सासूच्या सासूने आणलं, आता त्या नातीला नेतायत. नात वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या पिशवीत वही, पेन्सिली आणि मोजपट्टी. आजी नवस फेडायला निघाल्यात, नात इमारत बघायला. या दोघींच्या मध्ये बसून जायला मिळतंय, याचा मला फार आनंद आहे.

कार्टर रोडला डाव्या हाताला उंच इमारती, उजव्या हाताला तिवरं आणि त्यांच्या पलीकडे ओहोटीचा करडा चिखल. जत्रेमुळे वाहतूक वळवलेली आहे, म्हणून रिक्षा पालीहून आत शिरते आणि हिल रोडवर येते. गल्लीच्या तोंडाशी, वळणावर, घराच्या ओट्याला लागून दगडी किंवा लाकडी क्रूस दिसत राहतात. 1896 च्या प्लेगच्या साथीत यातले कितीतरी लोकांनी उभारले. प्रत्येकाला ताजा हार आहे. मग सेंट अँड्र्यूज येतं. जेझुइटांनी 1575 मध्ये इथल्या कोळ्यांसाठी बांधलेलं, मागच्या अंगाला समुद्र असलेलं देऊळ. 1618 च्या भयंकर वादळात टिकलं ते हेच. मावशी रिक्षातूनच हात जोडतात.

"आजी, हे साडेचारशे वर्षांचं आहे," नात सांगते.

"असेल. चिंबईवाल्यांचं देऊळ ते. आपली आई वर."

पुढे रिक्षा जात नाही. चढाला लागतो आणि दोन्ही बाजूंना दुकानं सुरू होतात. काडियो-बोडियो, हलवा, दोऱ्यात ओवलेले भाजलेले चणे, झेंडूचे हार, जपमाळा. आणि मेण. टेबलांवर रांगेने मांडलेले मेणाचे हात, पाय, डोळे, हृदय, रांगतं मूल, दोन मजल्यांचं घर, मोटार, विमान. परदेशी जायचं असेल तर मेणाचा पासपोर्टही मिळतो. नात विमान उचलून बघते. मावशी थेट पायाकडे वळतात.

दुकानदार बाई एक पाय काढून देतात. मी तो हातात घेतो. वीतभर लांबीचा, पिवळसर, मांडीच्या मधल्यापासून खाली. साच्याच्या दोन अर्धुकांची जोडरेघ पोटरीवरून थेट टाचेपर्यंत उतरलेली आहे. बोटं नीट पाच आहेत, अंगठ्याचं नख कोरलेलं आहे, पण गुडघा म्हणून केवळ एक उंचवटा. वात वरून, मांडीच्या कापातून बाहेर आलेली. मावशी त्या उंचवट्यावर अंगठा फिरवतात, तिथेच दोनदा दाबतात. "हाच," त्या म्हणतात, आणि भाव न करता पैसे देतात. पाटीवर दहा रुपयांसाठी हुज्जत घालणारी बाई इथे भाव करत नाही, हे मी बघत राहतो.

वर आलं की आधी दिसतात ते दोन मनोरे आणि मग दगडी दर्शनी भाग, टोकदार कमानींचा. ही इमारत 1904 ची. शापूरजी चंदाभाई या पारशी वास्तुविशारदाने ती गॉथिक वळणाने बांधली, खर्च लाखभर रुपये आला. 1954 मध्ये पोपनी तिला बॅसिलिकेचा मान दिला. मुंबईच्या आर्चबिशपांचं कॅथेड्रल कुलाब्याला आहे, होली नेमचं, जवळपास याच वयाचं. पण कोळीवाड्यातून निघालेली माणसं नवस घेऊन येतात ती या डोंगरावर.

नात मनोऱ्यांकडे बघत म्हणते, "ही शैली युरोपातली, त्यातही त्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकात पुन्हा उकरून काढलेली. म्हणजे 1904 मध्ये हे देऊळ एकदम नव्या धर्तीचं दिसत असणार. जुनं वाटावं म्हणून नव्याने बांधलेलं."

हे मनात धरून मी रांगेत उभा राहतो. या जागेवर आधी काय काय होतं ते आठवू लागतो. 1640 च्या सुमाराला जेझुइटांचं छोटं प्रार्थनागृह, त्यात पोर्तुगालहून आणलेली लाकडी मूर्ती. 1700 मध्ये अरबी चाचे आले. मूर्तीच्या हातातली मुलाम्याची वस्तू त्यांना सोन्याची वाटली आणि त्यांनी तो उजवा हात तोडला, असं सांगतात. मग चिमाजीअप्पांची वसईची मोहीम. 1738-39 च्या त्या धामधुमीत प्रार्थनागृह उद्ध्वस्त झालं, मूर्ती समुद्रात गेली. एका कोळ्याला स्वप्न पडलं, की मूर्ती दर्यात सापडेल, आणि ती सापडली.  1760 च्या सुमाराला देऊळ पुन्हा उभं राहिलं आणि काही काळ सेंट अँड्र्यूजमधली दर्यावर्दींच्या मातेची मूर्ती त्याच्या वेदीवर होती.

या शेवटच्या सनापाशी मराठी माणसाने जरा थांबायला हवं. साष्टी मराठ्यांच्या ताब्यात आली 1737 ते 1739 च्या मोहिमेत, इंग्रजांनी ती घेतली 1774 च्या डिसेंबरात. म्हणजे मोत माउलीचं देऊळ पुन्हा बांधलं गेलं तेव्हा या बेटावर अंमल पेशव्यांचा होता. लढाईत पडलेलं देऊळ जिंकणाऱ्यांच्याच राज्यात उभं राहिलं. वसईच्या विजयाचे पोवाडे आपण अभिमानाने ऐकतो. त्या विजयानंतर वीस-एकवीस वर्षांनी या टेकडीवर चुना कालवला जात होता, दगड चढवले जात होते, ही गोष्टही तितक्याच अभिमानाने सांगण्यासारखी आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

रांग आत शिरते. बाहेरच्या उजेडानंतर डोळे स्थिरावायला वेळ लागतो. बाजूच्या भिंतींवर मरियेच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेले आहेत. समोर उंच वेदी, तिच्यावर फुलांत, वस्त्रांत मढलेली माउली, आणि तिच्या हातांत बाळ. आत पंखे, ध्वनिक्षेपक, दिवे, सगळं आजचं. भिंत, कमान आणि चित्र मागच्या शतकाचं. माणसांच्या अंगावर दोन्ही: लुगडं आणि जीन्स, गळ्यात जपमाळ आणि हातात मोबाईल.

मी माउलीच्या हाताकडे बघतो. मूर्तीची दुरुस्ती कशी झाली याची जी हकिकत इथे सांगतात, ती मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते. तुटलेल्या हाताच्या जागी हुबेहूब दुसरा हात कोरून बसवला नाही. तुटका भाग झाकेल असं बाळ येशूचं वेगळं, काढता-घालता येणारं शिल्प केलं आणि ते तिला दिलं. तोडला गेला तो हात मुलामा धरणारा होता. झाकला गेला तो बाळाने. मूर्तीची दुरुस्ती करणाऱ्या त्या कारागिराचं नाव कुठे लिहिलेलं नाही, पण त्याने जुन्या वस्तूची खूण पुसली नाही आणि तिला अधुरीही ठेवली नाही. आज जीर्णोद्धाराच्या मोठमोठ्या कामांत यापेक्षा जास्त शहाणपण मी पाहिलेलं नाही.

मराठी मिस्सा सुरू होते. पेटी आणि ढोलकी एका बाजूला, गायकवृंदातल्या एका मुलीकडे गिटार. फादर लोकांकडे तोंड करून उभे आहेत. मागे भिंतीलगतची जुनी, उंच वेदी, पुढे साधी, टेबलासारखी दुसरी. या दोन वेद्यांमधल्या चार पावलांत साठ वर्षांपूर्वीची एक मोठी उलथापालथ आहे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने डिसेंबर 1963 मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. तोवर धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ ठेवून लॅटिनमध्ये मिस्सा करत. त्यानंतर लोकांच्या भाषांना वेदीपर्यंत वाट मिळाली. दुसऱ्याच वर्षी मुंबईत जागतिक युखरिस्टिक काँग्रेस भरली आणि 2 डिसेंबर 1964 ला पोप पॉल सहावे इथे उतरले. भारतात आलेले ते पहिले पोप.

मराठीला मात्र ख्रिस्ताची ओळख त्याच्या कितीतरी आधीची. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं, ओवीत. म्हणजे लोक घरात, ओसरीवर ख्रिस्ताची कथा ओवीत ऐकत आणि देवळात लॅटिन. साडेतीनशे वर्षं हे दोन प्रवाह एकमेकांशेजारून वाहत राहिले आणि मग एकदाचे मिळाले. आता माझ्या पुढच्या बाकावरची म्हातारी प्रत्येक उत्तर फादरांचं वाक्य संपायच्या आत म्हणते, जोरात, पाठ. तिला लॅटिनही आठवत असेल का, असा विचार मनात येतो. वयाने शक्य आहे.

मावशींना उत्तरं येत नाहीत. सगळे उभे राहिले की त्या उभ्या राहतात, सगळे बसले की बसतात. गुडघे टेकायची वेळ आली की त्या टेकू बघतात. नात दंड धरते. "बसून राहा आजी." मावशी हात झटकतात आणि डावा गुडघा टेकतात, उजवा नुसता वाकवतात. मांडीवर रुमालात मेणाचा पाय.

प्रसाद घ्यायला ख्रिस्ती लोक रांगेने पुढे जातात. मावशी जागेवर थांबतात. तिथवर आपलं जाणं नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि त्याचं वाईटही वाटत नाही. त्यांचं माउलीशी जे आहे ते वेगळ्या दाराने आहे.

मिस्सा संपते. आता पाय वाहायचा. पण वेदीच्या अलीकडे स्वयंसेवक उभे आहेत, बिल्ले लावलेले, हसतमुख, घामाघूम. मेणाच्या वस्तू आणि मेणबत्त्या ते हातोहात घेतात आणि मोठ्या पेट्यांत ठेवतात. एवढ्या गर्दीत प्रत्येकाने ज्योत लावायची म्हटलं तर आग लागेल, हे उघड आहे.

"द्या मावशी, इकडे द्या. मी पोचवतो."

मावशी देत नाहीत. त्या माउलीकडे बघतात, मग पेटीकडे. पेटीत हात, मुलं, घरं, विमानं एकमेकांवर पडलेली आहेत. मागून लोक ढकलतायत. स्वयंसेवक पोरगा विशीतला. तो एक क्षण थांबतो, मग मावशींचा हात आपल्या हातात घेऊन, पायासकट, माउलीच्या दिशेने वर करतो. मावशी डोळे मिटून काहीतरी पुटपुटतात. मग स्वतःच पाय पेटीत ठेवतात, आडवा, इतर पायांच्या बाजूला, गुडघा वर. पुढे सरकतात.

बाहेर पायऱ्यांजवळच्या कठड्यावर आम्ही बसतो. खाली समुद्र, त्यावर सागरी सेतू. मांडवातल्या मोठ्या पडद्यावर आतली वेदी दिसते आहे. 2020 आणि 2021 मध्ये, कोविडच्या काळात, जत्रा भरली नव्हती. त्या दोन वर्षांत मावशींनी माउली नातीच्या मोबाईलवर बघितली होती. "इतकीशी दिसायची," त्या दोन बोटांनी दाखवतात, "पण दिसायची."

नात वही काढून मनोऱ्याची रेघ ओढते आहे. मी तिला विचारतो, जुन्या देवळाची डागडुजी कशी करावी असं तुला कॉलेजात शिकवतात? ती पेन्सिल खाली ठेवते. भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चचं सांगते. माझगावातलं 1632 चं मूळ देऊळ गेलं, त्याच्याऐवजी 1913 च्या सुमाराला भायखळ्याला हे गॉथिक उभं राहिलं. विकास दिलावरी यांनी त्याचं जतन केलं आणि 2019 मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. "तिथे आम्हाला नेलं होतं. बघून असं वाटतच नाही की काही केलंय. तेच अवघड असतं."

मग ती चुन्याकडे वळते आणि तिचा आवाज बदलतो. चुना विरवायचा, मुरवायचा, घाई करायची नाही. चुन्याची भिंत पावसात ओल घेते आणि उन्हात सोडून देते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, वरून ऑइलपेंट दिला, की ओल आत कोंडते. समुद्राची हवा असली की मीठ फुटतं, दगडाचे पापुद्रे सुटतात. भिंत बाहेरून चकचकीत आणि आतून भुसभुशीत.

मावशी ऐकत असतात. "आपल्या घराचं तेच झालं," त्या म्हणतात. "सासऱ्यांच्या वेळची चुन्याची भिंत. तुझ्या बापाने टाइल बसवली. त्या पावसात फुगली नि पडली. मी तेव्हाच बोलले होते, भिंतीला श्वास घेऊ दे."

नात आजीकडे बघत राहते. चार वर्षांत ती जे शिकली ते आजीला ठाऊक होतं आणि घरात कुणी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे सगळं जुन्यासारखंच ठेवायचं का?" मी विचारतो.

"नाही," नात ताडकन म्हणते. "दादरचं पोर्तुगीज चर्च बघा." तिथलं मूळ देऊळ फ्रान्सिस्कनांचं, 1596 चं. सत्तरच्या दशकात, 1974 ते 1977 मध्ये, चार्ल्स कोरियांनी त्या जागी पूर्ण नवं उभं केलं. कमान नाही, मनोरा नाही. काँक्रीटची, शिंपल्यासारखी उंच उठलेली छपरं, वरून उतरणारा उजेड आणि वारा, मध्ये मोकळे चौक. माणसं भिंतीआड कोंडलेली नाहीत. महासभेनंतर लोक आणि वेदी जवळ आली होती, तर कोरियांनी इमारतही त्या जवळिकीला साजेशी केली. मुंबईच्या उकाड्याचा आणि पावसाचा विचार केला. "1904 ला चंदाभाईंनी त्यांच्या काळातलं नवं केलं, कोरियांनी त्यांच्या. ग्लोरियात दिलावरींनी नवं काही दिसू दिलं नाही. तिघंही बरोबर आहेत, असं मला वाटतं."

मला तिचं पटतं, आणि एक गोष्ट जोडावीशी वाटते. धास्ती वाटावी अशी गोष्ट नवी शैली नव्हे, जुनी शैलीही नव्हे. या उपनगरांत जुन्या देवळांच्या, दर्ग्यांच्या, चर्चच्या अंगावर उत्साहाने जे चढवलं जातं त्याची धास्ती वाटते: स्नानगृहातल्या टाइल, स्टीलचे कठडे, थर्माकोलची छतं, रंगीत दिव्यांच्या माळा कायमच्या. करणाऱ्यांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. वर्गणी काढणारी, रात्री जागून काम करून घेणारी माणसं ती. पण चुना कालवणारा गवंडी त्यांना कुणी भेटवून देत नाही, आणि कोरियांसारखा नव्याने विचार करणाराही भेटवून देत नाही. दोन्हींकडे जाणारी वाट त्यांच्यापर्यंत पोचली, तर पैसे तेवढेच लागतील आणि देवळं पुढच्या शंभर पावसाळ्यांना तोंड देतील.

आतून घंटा होते. पुढची मिस्सा दुसऱ्या भाषेत. एक गर्दी बाहेर येतेय, दुसरी आत शिरतेय, आणि दारात दोघींची गाठ पडून गोंधळ उडालाय. मघाचा स्वयंसेवक पोरगा मेणाची भरलेली पेटी दुसऱ्या एकाच्या मदतीने उचलून मागच्या बाजूला नेतोय. त्यातलं मेण वितळून पुन्हा वापरात जातं. मावशी पेटीकडे नजर टाकतात आणि उठतात, कठड्याला हात लावून.

"त्या दादरच्या देवळात गर्दी असते का गो?" त्या नातीला विचारतात.

"जत्रा नसते. रविवारी मिस्सेला असते."

"मग रविवारी नको, धंद्याचा दिवस. सोमवारी ने. तुझा तो वारा कुठून येतो ते बघते. आणि तो चुन्याचा गवंडी मिळतो का विचार तुझ्या मास्तरांना. पुढच्या पावसाच्या आधी आपली ती भिंत काढायची."

नात वही पिशवीत टाकते आणि मोबाईलवर मास्तरांचा नंबर शोधू लागते.